बिजागरीचा सांधा

वसईतल्या सातिवलीत फिजिओथेरपीचा दवाखाना टाकला त्याला आता अठरा वर्षं होतील. ही कारखान्यांच्या गाळ्यांची वस्ती. सकाळी पहिल्या पाळीची माणसं समोरून जातात, त्यातली दोन-तीन आत वळतात, उरलेली संध्याकाळी पाळी सुटल्यावर येतात. प्रेसमध्ये बोट सापडलेला एखादा, पॅकिंगला बसून मान धरलेली एखादी, गुडघ्यानं हैराण झालेली एखादी आजी. या सगळ्यांच्या कागदावर एक वाक्य मी इंग्रजीत इतक्यांदा लिहिलं आहे की आता हात आपोआप लिहून जातो. मराठीत त्याचा अर्थ एवढाच, की सांध्याची हालचाल कमी झाली आहे. या वाक्यात नेमकं काय काय असतं ते मला कॉलेजात कळलं नव्हतं. ते पेशंटांनी शिकवलं, आणि थोडं, कधी मनातही आलं नव्हतं अशा बाजूनं, एका पोर्तुगीज कागदानं. जसं कळत गेलं तसं लिहिते.

१. 'हालचाल कमी झाली' असं कुणीच म्हणत नाही

खांदा दुखणारी बाई सांगते, "मॅडम, अंबाडा बांधता येत नाही." दुसरी सांगते, "वरच्या फळीवरचा डबा हल्ली मुलाला काढायला लावते." पुरुष म्हणतात, "मागच्या खिशातलं पाकीट निघत नाही, पुढच्या खिशात ठेवायला लागलो." रोज विरारहून येणारा एक जण म्हणाला होता, "लोकलमध्ये वरची कडी धरवत नाही, गर्दीत नुसता ढकलला जातो." गुडघ्याची भाषा वेगळी. मांडी पडत नाही, उकिडवं बसवत नाही, नमाजला बसलो की उठताना कुणीतरी हात द्यावा लागतो. उत्तरेकडचे कामगार 'जकड गया' म्हणतात. आपल्याकडे कुणाचा सांधा धरलेला असतो, कुणाचा आखडलेला, कुणाचा जाम झालेला.

पहिली काही वर्षं ही वाक्यं मी ऐकून सोडून देत असे आणि कोनमापक हातात घेत असे. तेव्हा वाटायचं, खरी माहिती त्या प्लास्टिकच्या दोन पट्ट्यांत आहे. पण अंबाडा म्हणजे हात वर नेऊन बाहेरच्या बाजूला फिरवणं, आणि पाकीट म्हणजे हात आत फिरवून पाठीमागं नेणं. पाकीट निघतंय पण अंबाडा बांधता येत नाही, असं कुणी सांगितलं तर कुठली दिशा गेली आणि कुठली शिल्लक आहे हे माणूस खुर्चीत बसायच्या आतच कळलेलं असतं. पट्ट्या नंतर लावायच्या, अंश किती ते मोजायला.

२. एकाच कोपराचे दोन कागद

सहा वर्षांपूर्वी वसई पश्चिमेचा एक मुलगा आईला घेऊन आला. प्रवासी जहाजावर स्वयंपाकघरात मदतनीस होता. ओल्या फरशीवर घसरला, डाव्या कोपरावर पडला. जहाज लिस्बनला लागल्यावर तिथल्या इस्पितळात हात प्लास्टरमध्ये घातला. दीड महिन्यानं घरी आला तेव्हा हात ना धड सरळ होत होता ना वाकत होता. त्याच्याकडे कागद दोन होते. एक जहाजावरच्या डॉक्टरचा, इंग्रजीत, त्यात हालचाल 'रिड्यूस्ड' झाल्याचं लिहिलं होतं. दुसरा लिस्बनचा, पोर्तुगीज. त्यातला एक शब्द आईनं पेन्सिलीनं अधोरेखित केला होता, 'रिजिदेझ'.

"डॉक्टर, रिजिड म्हणजे आता हे असंच राहणार ना?" तिनं विचारलं. तीन आठवडे ती माउली या एका शब्दावर झोपली नव्हती. मुलाला तिनं काही बोलूनही दाखवलं नव्हतं.

मला पोर्तुगीज येत नाही. त्या रात्री शब्दकोश घेऊन बसले, मडगावच्या एका मैत्रिणीला फोन केला. तेव्हा उलगडलं ते असं. इंग्रजीत या कामाला दोन शब्द आहेत. आखडलेल्या सांध्याला 'स्टिफ' म्हणतात. 'रिजिड' म्हटलं की सामान्य माणसाला न वाकणारं, न बदलणारं काहीतरी आठवतं, आणि डॉक्टरला कंपवातासारख्या आजारातला स्नायूंचा ताठरपणा. पोर्तुगीजमध्ये मात्र या साऱ्याचा भार 'रिजिदेझ' एकटाच वाहतो. कंपवातातला ताठरपणा रिजिदेझ, प्लास्टर काढल्यावरचं कोपर रिजिदेझ, सकाळी उठल्यावर तासभर बोटं आखडलेली असतात तीही रिजिदेझ. कायमचं असा अर्थ त्या शब्दात नाहीच. कायमचा जुळून गेलेला सांधा सांगायचा तर त्यांच्याकडे 'अँकिलोज' आहे, मूळ ग्रीक शब्दावरून आलेला, इंग्रजीतही जवळपास तसाच आहे. तो शब्द त्या कागदावर कुठेही नव्हता. दुसऱ्या दिवशी दवाखाना उघडायच्या आधी मी त्या माउलीला फोन केला.

त्या दिवसापासून कागदावरच्या शब्दाचा अर्थ सांगितल्याशिवाय मी कुणाला घरी पाठवत नाही. इंग्रजी कागद असला तरी.

३. पावसात फुगलेलं दार

मडगावच्या त्याच मैत्रिणीनं त्या रात्री आणखी एक शब्द दिला. तिच्या आजीच्या तोंडी पोर्तुगीज असायचं. पावसाळ्यात लाकडी दार फुगून चौकटीत अडकलं की आजी त्याला 'पेर्रा' म्हणे, आणि स्वतःच्या गुडघ्यालाही सकाळी तोच शब्द लावी. दार पेर्रा, गुडघा पेर्रो, लिंगापुरता फरक. तुटलेलं नव्हे, गेलेलं नव्हे, सहज न हलणारं.

कोकणात ज्यानं पावसाळा काढलाय त्याला यापुढे समजावावं लागत नाही. फुगलेल्या दाराला लाथ मारली तर चौकट हलते. ते थोडं उचलून धरायचं, हळू ओढायचं, रोज उघडझाप ठेवायची. बंद करून ठेवलं तर गणपतीपर्यंत उघडत नाही. त्या जहाजावरच्या मुलाला मी हेच सांगितलं. पहिल्या दिवशी त्याचं कोपर सरळ व्हायला चाळीस अंश कमी पडत होते आणि वाकत होतं शंभरापर्यंत. चार महिन्यांनी पंधरा कमी राहिले, आणि वाकायला लागलं एकशे तीसपर्यंत. रोजची बहुतेक कामं, घास तोंडाशी नेण्यापासून दाराची कडी लावण्यापर्यंत, कोपराच्या तीस ते एकशे तीस अंशांत बसतात. तो पट्टा आता त्याच्या कोपराला पुरता गाठता येत होता. जहाजावर परत गेला.

४. तेल कुठे घालायचं आणि कुठे नाही

'सांध्यातलं वंगण संपलं' हे वाक्य मी आठवड्यातून एकदा तरी ऐकते. ज्याला हे सांगितलेलं असतं तो घाबरतो आणि हालचाल आणखी कमी करतो. खरं तर सांध्यातल्या कूर्चेला स्वतःचा रक्तपुरवठा नसतो. सांधा हलतो, दाबला जातो, सुटतो, तसा वंगणाचा तो द्रव कूर्चेत मुरतो आणि तिचं पोषण होतं. बसून राहिलं तर वंगण वाढत नाही.

याबद्दल मला सगळ्यात नेमकं बोलला तो एका हार्डवेअरच्या गाळ्यातला कारागीर. बिजागऱ्या बनवण्यात त्याचं आयुष्य गेलं होतं. म्हणाला, "मॅडम, बिजागरीत दोन पानं आणि मधे एक पिन. गंजली असेल तर तेलानं आणि उघडझाप करून सुटते. पिन वाकली असेल तर बादलीभर तेल ओता, काही होणार नाही." आम्ही हातानं तपासताना नेमकं हेच शोधत असतो. सांधा वळवत नेला की शेवटी कुठेतरी थांबतो, त्या थांबण्याला एक स्पर्श असतो. चामड्याच्या पट्ट्यासारखा चिवट, किंचित लवणारा थांबा असेल तर आवरण आकसलंय, व्यायामानं फरक पडेल. हाडावर हाड आपटल्यासारखा टणक थांबा असेल तर व्यायाम रेटून माणसाला दुखवू नये. अशांना मी एक्स-रे काढून हाडांच्या सर्जनकडे पाठवते. हा फरक हाताला कळायला मला पाच-सहा वर्षं लागली.

त्या कारागिराच्या हातातली वस्तू पोर्तुगिजांकडून आलेल्या नावाची आहे, हे त्याला मी नंतर सांगितलं. 'बिझाग्रा'वरून आपली बिजागरी. आज पोर्तुगालमध्ये रोजच्या बोलण्यात 'दोब्रादिसा' जास्त ऐकू येतं, दुमडण्यावरून झालेला शब्द. म्हणजे त्यांच्याकडे मागं पडलेला शब्द आपल्या प्रत्येक दारावर अजून कामाला आहे. गोव्याचे पंडित सेबास्तियांव रोदोल्फु दालगादो यांनी आशियाई भाषांत शिरलेल्या पोर्तुगीज शब्दांचा कोश १९१३ साली काढला, तो अशाच शब्दांसाठी. चावी, साबण, बटाटा, पाव हे आपण ओळखतो. पण बिजागरी तर थेट आपल्या शरीरात गेली. शाळेच्या विज्ञानाच्या पुस्तकात कोपर आणि गुडघा यांना 'बिजागरीचा सांधा' म्हटलंय, खांदा आणि खुबा यांना 'उखळीचा सांधा'. वसईत १५३४ पासून १७३९ पर्यंत पोर्तुगीज होते. चिमाजी आप्पांनी किल्ला घेतला, सत्ता गेली, आणि हा शब्द मात्र गुडघ्यात राहिला. मला हे फार सुंदर वाटतं.

    

५. कोपर चोळू नका

हा धडा छोटा आहे, पण सगळ्यात महत्त्वाचा म्हणून वेगळा लिहिते.

नऊ वर्षांची एक मुलगी पेरूच्या झाडावरून पडली. कोपराला मार होता, हाड बसवलं होतं. प्लास्टर निघाल्यावर घरच्यांनी मायेपोटी रोज तेल लावून जोरात चोळलं, हात ओढून सरळ करायचा प्रयत्न केला. ती रडायची, मग दुसऱ्या दिवशी कोपर आदल्या दिवसापेक्षा जास्त आखडलेलं. माझ्याकडे आली तेव्हा एक्स-रेत सांध्यापुढच्या स्नायूत नवं हाड तयार होताना दिसत होतं. मार लागलेलं कोपर जोरानं चोळलं, ताणलं की असं होऊ शकतं, आणि मुलांत जास्त. कोपर ज्याचं त्यानं स्वतः हलवायचं, दुखेल तिथं थांबायचं, पुन्हा हलवायचं. दुसऱ्या कुणी रेटायचं नाही, आईनंही नाही. त्या मुलीचा हात पुढे पुष्कळ मोकळा झाला, पण दीड वर्ष गेलं.

६. गोठलेला नव्हे, आटलेला

माझा स्वतःचा डावा खांदा सत्तेचाळिसाव्या वर्षी धरला. रात्री कूस बदलताना जाग यायची, पदराला खांद्यावर पिन लावता येईना. दुसऱ्यांना वर्षानुवर्षं सांगितलेलं सगळं स्वतःवर घ्यावं लागलं.

इंग्रजीत याला 'फ्रोझन शोल्डर' म्हणतात. बॉस्टनच्या अर्नेस्ट कॉडमन या सर्जननं १९३४ मध्ये हे नाव रूढ केलं. पोर्तुगीजमध्ये त्याचाच थेट तर्जुमा, 'ओंब्रो कोंजेलादो'. आपण म्हणतो गोठलेला खांदा. तिन्ही भाषांत बर्फ, आणि आत बर्फ कुठेच नाही. पण शब्दाची ताकद अशी की पेशंट विचारतो, "किती दिवस शेकलं की वितळेल?" शेकल्यानं बरं वाटतं, व्यायामाआधी जरूर शेकावं. पण आत जे झालेलं असतं ते वेगळं. खांद्याच्या उखळीभोवतीची पिशवी जाड होते आणि आकसते.

मी आता पेशंटला सांगते, तुमच्या खांद्याचा सदरा धुऊन आटलाय. काखेत घट्ट झालाय, हात वर केला की ओढ बसते. हे सगळ्यांना कळतं. आटलेलं कापड झटक्यानं ओढलं की फाटतं, हेही सांगावं लागत नाही. पहिले काही महिने दुखण्याचे, तेव्हा रेटायचं नाही. नंतर दुखणं उतरतं आणि आखडणं राहतं. मग हळूहळू सुटत जातं. सगळं मिळून एक ते तीन वर्षं लागू शकतात. कोपर कुशीला टेकवून पुढचा हात बाहेरच्या बाजूला नेऊन पाहा. दुसऱ्या खांद्याच्या मानानं तो फारच कमी जात असेल तर बहुधा हेच आहे. साधा एक्स-रे बहुतेकदा स्वच्छ येतो, त्यामुळे घरच्यांना वाटतं बाई उगाच करतेय. उगाच करत नाही. माझा खांदा एकोणीस महिन्यांनी सुटला.

आणि साखर तपासा. हा आजार सर्वसाधारणपणे शंभरात दोन ते पाच जणांना होतो, मधुमेह असलेल्यांत दहा ते वीस जणांना. माझ्याकडे खांदा घेऊन आलेल्या कितीतरी जणांना आपल्याला मधुमेह आहे हे त्या रक्ताच्या तपासणीत पहिल्यांदा कळलं.

७. नमस्कारातली फट

साखरेचा विषय निघाला म्हणून. एक गृहस्थ पाठीसाठी आले होते. दारातच त्यांनी हात जोडून नमस्कार केला आणि मला त्यांच्या तळहातांमध्ये फट दिसली. बोटांची टोकं टेकलेली, मुळं टेकलेली, मधे पोकळी. वीस वर्षांचा मधुमेह. रक्तातली जास्त साखर त्वचेच्या आणि सांध्याभोवतीच्या तंतूंना चिकटत जाते, ते जाड आणि ताठ होतात. दुखत नाही, म्हणून कुणी डॉक्टरकडे जात नाही. इंग्रजीत या खुणेला प्रार्थनेची खूण म्हणतात, पोर्तुगीजमध्येही तेच, 'सिनाल दा प्रेसे'. वसईत चर्चमध्येही हात जोडतात आणि देवळातही. पुस्तकात ही खूण मी अनेकदा वाचली होती, पण रोज शेकडो नमस्कार होणाऱ्या या गावात ती मला दिसायला बारा वर्षं लागली. अशा हातांच्या माणसाचे डोळे आणि मूत्रपिंड तपासून घ्यायला हवेत. त्या गृहस्थांना मी पाठीआधी तिकडेच पाठवलं.

८. कमी म्हणजे कशापेक्षा कमी

गुडघा बदललेल्या एका आजींच्या कागदावर इंग्रजीत हालचाल 'चांगली' लिहिली होती. एकशे दहा अंश. खुर्चीतून उठायला आणि जिना चढायला तेवढं पुरतं, कागद खोटा नव्हता. पण आजी शेतातल्या, आयुष्यभर चुलीपुढे पाटावर बसलेल्या. उकिडवं बसायला एकशे तीसच्या पुढे लागतात. त्यांच्या लेखी गुडघा अर्धाच मिळाला होता आणि कुणी त्यांना हे आधी सांगितलं नव्हतं. घरात ओट्याशी उंच स्टूल आणि कमोड आल्यावर त्यांचं चालू लागलं. मुलानं ते एका रविवारी करून घेतलं. तोवर आठ महिने त्या पाणी कमी पीत होत्या, उकिडवं बसायला लागू नये म्हणून.

९. कागदावर अंश, आणि काम

प्रेसमध्ये उजव्या हाताची दोन बोटं चिरडलेला एक तरुण होता. बोटं वाचली, पण मूठ मिटत नव्हती. भरपाईसाठी माझा कागद लागला. तेव्हा मी लिहिलं, 'किंचित आखडलेली'. मोजायला गेलं तर ते खरंही होतं. पण त्याला हातोडा धरता येत नव्हता, स्क्रूड्रायव्हर फिरवता येत नव्हता, आणि हे मी लिहिलं नाही. १९२३ च्या भरपाई कायद्याच्या परिशिष्टात तुटलेल्या बोटाला किती टक्के ते छापलेलं होतं. न वळणाऱ्या बोटाला तसं नव्हतं, तिथं डॉक्टरच्या शब्दावर ठरायचं. त्याला फार कमी मिळालं. त्यात माझ्या 'किंचित'चा वाटा होता, हे मी विसरलेले नाही.

आता माझ्या कागदावर पहिला रकाना मराठीत असतो, 'काय करता येत नाही'. तिथं माणसाचे स्वतःचे शब्द तसेच उतरवते. मग अंश, मग थांबा चिवट की टणक, मग इंग्रजी. काल संध्याकाळच्या शेवटच्या पेशंटच्या पहिल्या रकान्यात लिहिलंय, 'नातीची वेणी घालता येत नाही'.